चिमूटभर हिंग आणि माझं लेबल

कोल्हापुरात चटणी म्हटलं की कांदा-लसणाचीच. शिवाजी पेठेतल्या घरी मी ती करते, डंकावर कांडून आणते आणि पाव किलोची पाकिटं भरते. गेल्या एप्रिलमध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकारी मॅडम तपासणीला आल्या. वर्षाला १०० रुपये फी भरून काढलेलं, १४ आकडी नंबरचं नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर होतं. मला वाटलं, झालं आपलं काम.

मॅडमनी पाकीट उलटं केलं आणि बराच वेळ वाचत राहिल्या. मग विचारलं, "ताई, हिंग कुठला वापरता?" मी डबी आणून दिली. तिच्यावर मैदा लिहिलेला होता. "मग गहू न चालणाऱ्या माणसाला तुमच्या पाकिटावरनं हे कसं कळणार?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. लेबलवर 'मिरची, कांदा, लसूण व निवडक मसाले' एवढंच छापलं होतं, तेही मुद्दाम. सासूबाईंचं प्रमाण बाहेर जाऊ नये म्हणून. मॅडम म्हणाल्या, "प्रमाण कोण मागतंय? नावं लिहा. वजनानं जे जास्त ते आधी." आणि हिंग चिमूटभर असला तरी त्यातला गहू ॲलर्जीच्या सूचनेत वेगळा सांगावाच लागतो. इतकी वर्षं शेजारच्या लेकरांना हौसेनं चटणी-भाकरी वाढली, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

बाकीच्या चुका भराभर निघाल्या. बॅच नंबर नाही. 'सहा महिन्यांत वापरावे' असं मोघम, नेमकी तारीख नाही. आणि सगळं मराठीतच! नियमानं माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी, मराठी सोबत चालते. हे मला आजही पटत नाही, पण मी ते पाळते.

मग नमुना घेतला. शेजारच्या काकूंना साक्षीला बोलावलं, चार भाग करून सील केले, सह्या झाल्या. पाकिटांचे पैसेही दिले. ते कायद्यातच आहे म्हणे. लेबल सुधारायची नोटीस हातात आली, १५ दिवसांची.

खरा घोर नमुन्याचा होता. लेबल माझ्या हातात होतं, मिरची नव्हती. ब्याडगी आणि संकेश्वरी मी दरवर्षी बाजारातनं घेते, देठ खुडते, उन्हात घालते. पण घेण्याआधीच कुणी तिला सुदानसारखा, खाण्यात न चालणारा रासायनिक रंग लावला असेल तर? नुसत्या डोळ्यांनी ते ओळखणं अवघड. अहवालाला कायद्यानं १४ दिवस मिळतात. तोवर मी एकही पाकीट विकलं नाही. भर हंगामात गिऱ्हाईक परत पाठवलं.

अहवाल चांगला आला. नवी लेबलं छापून मॅडमना दाखवली, त्यांनी ओळ न् ओळ वाचली.

आता एक वही केलीय. कुठल्या दिवशी कुणाकडनं किती मिरची घेतली, कधी कांडली, कुठला बॅच नंबर पडला. मिरचीवाल्याकडनं पक्की पावती मागते. पहिल्यांदा तो म्हणाला, "वैनी, इतक्या वर्षांत कधी मागितली नव्हती." मी म्हटलं, दादा, आता द्या.