सगळ्या गिऱ्हाइकांचा एकच नंबर

गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादरींच्या दुकानातून सकाळीच फोन आला, "मेसेज पाठवायला यादी उघडली, तर सगळ्यांच्या नावापुढं एकच मोबाइल नंबर. लगेच या."

जाऊन पाहिलं. नाव वेगळं, गाव वेगळं, पुढे मात्र २१४७४८३६४७. फक्त पुण्याचे तीन व्यापारी वाचले होते. त्यांचे ०२० चे लँडलाइन नंबर पुढचं शून्य गळून २०२ ने सुरू होत होते. आपले सोलापूरचे ०२१७ वाले २१७ होऊन थोडक्यात बाद झाले होते.

आकडा ओळखीचा होता. यादी बनवणाऱ्यानं फोनसाठी साध्या पूर्णांकाचा रकाना ठेवला होता. त्यात ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ जागा. एक चिन्हासाठी, उरलेल्या ३१ मध्ये सगळीकडे १ भरला की हाच आकडा येतो: २ चा ३१ वा घात वजा १. मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे प्रत्येक नंबर याहून मोठा. यादी साठवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसची कडक तपासणी बंद असल्यानं त्यानं तक्रार न करता मोठ्यात मोठा मावणारा आकडा लिहून टाकला. मूळ नंबर गेले ते गेलेच.

दिवाणजींची लाल वही होती म्हणून निभावलं. मी रकाना बदलून मजकुराचा केला. ते वाचत गेले, मी टाइप करत गेलो.

चहाच्या वेळी त्यांनी कागदावर स्वल्पविराम देऊन लिहिलं: २,१४,७४,८३,६४७. "दोनशे चौदा कोटींवर. कशानं भाग जातो ह्याला?" तिनानं भागून पाहिलं, बाकी एक. सातानं, बाकी एक. अकरानं, पुन्हा एक. त्यांनी चष्मा पुसला.

"कशानंच जात नाही, दिवाणजी. ही मूळ संख्या आहे. ऑयलर या गणितज्ञानं १७७२ साली सिद्ध केलंय."

"एवढे भागाकार हातानं?"

तेच तर मला सांगायचं होतं. भाजक वर्गमूळापर्यंतच शोधावे लागतात, आणि हिचं वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास. तिथपर्यंतच्या मूळ संख्या पावणेपाच हजारांच्या वर. पण ऑयलरनं दाखवलं, की हिला मूळ भाजक असलाच तर त्याला २४८ नं भागून बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. मग तपासायला शंभराच्याही आत संख्या उरतात! कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो. त्या आकड्यांचा डोंगर न फोडता त्यानं वाट काढली, याचं मला आजही भरून येतं.

"पहिली कुठली येते?"

"३११."

कॅल्क्युलेटर बाजूला सारून त्यांनी भागाकार मांडला. बाकी ३५.

रात्री नऊला शेवटचा नंबर भरून झाला. दुसऱ्या दिवशी बिल द्यायला गेलो, तर दिवाणजींनी वहीतून घडी घातलेला कागद काढला. ३११ नंतर ऑयलरच्या अटीत बसणारी पुढची मूळ संख्या त्यांनी स्वतः शोधली होती: १३०३. खाली बाकी लिहिली होती, २२६. मी तिथंच उभ्या उभ्या ताळा केला. बरोबर होती.