'बरं.'

'आज नाही जमणार गं,' असं मैत्रिणीला लिहिलं. उत्तर आलं, 'बरं.'

पुढे पूर्णविराम. तोच दिवसभर टोचत राहिला. ती कधी पूर्णविराम देत नाही.

संध्याकाळी न राहवून फोन केला. 'अगं, बाळ मांडीवर झोपलं होतं, एका बोटाने लिहिलं. स्पेस दोनदा दाबली गेली असेल!' स्पेस दोनदा दाबली की बरेच फोन स्वतःच पूर्णविराम टाकतात.

तोंडी 'बरं' लांबवलं की लाड, तोडलं की राग, वर चढवलं की 'पुढे सांग'. लिहिलेल्यात हा सूर आपणच भरतो, तोही आपल्या मनातल्या धाकधुकीचा. जुन्या मोडी पत्रांत तर विरामचिन्हंच नसायची.

असं एखादं न विचारलेलं 'बरं' तुमच्याकडे आहे का?