आमची वाटचाल : गावांतील समकालीन कलेची मांडणी

वाचनालये, शाळा आणि पडून असलेली गोदामे अशा जागी समकालीन कलेची प्रदर्शने मांडून देणे हा आमच्या छोट्या संस्थेचा व्यवसाय आहे. माझे भागीदार मुळात सुतार. खोक्यांना आतून फोमचे अस्तर कसे द्यावे आणि कागदावरील कामाला आम्लविरहित माउंट (चित्राला आधार देणारा जाड पुठ्ठा) कसा बसवावा, हे त्यांनी करता करता आत्मसात केले. ओलसर भिंतीला चित्र थेट न टेकवता मागे लाकडी पट्ट्या ठोकून हवा खेळती ठेवण्याची रीतही त्यांचीच. आर्द्रतामापक आणि उजेड मोजणारा लक्समीटर आजही आमच्या पेटीत सर्वांत वर असतात, कारण जलरंग आणि छापचित्रे साधारण ५० लक्सच्या उजेडात ठेवण्याचा दंडक मोठ्या उघड्या खिडक्यांच्या खोलीत पाळून दाखवणे हेच आमचे कसब आहे.

आम्ही बुडता बुडता वाचलो. जपानमध्ये फ्राम कितागावा यांच्या पुढाकाराने २००० साली सुरू झालेल्या एचिगो-त्सुमारी त्रैवार्षिक महोत्सवात ओस पडलेल्या घरांत आणि बंद शाळांत कलाकृती मांडल्या जातात. त्यापासून प्रेरणा घेऊन आम्ही काही गावांसाठी कलाकार-निवासाची, म्हणजे कलाकारांनी गावात राहून काम करण्याची, योजना आखली, घरोघरी बसून चर्चा केली आणि कलाकारांना आगाऊ मानधनही दिले. पुढे तीच योजना एका मोठ्या कंपनीच्या नावाने मंजूर झाली. त्यांनी कलाकार-निवास वगळला, उद्घाटनाचा थाट वाढवला, लोखंडी शिल्पे उभी केली आणि ते निघून गेले. गंजरोधक प्रायमर न देताच वर रंग चढवल्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात सांधे गंजले. लोक जाब विचारायला आमच्याकडे आले, कारण त्यांच्या ओळखीचे चेहरे आमचेच होते. ही गोष्ट मला अजूनही सलते.

त्या वर्षी आम्हाला गाडी विकावी लागली. आम्हाला तगवले ते एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी. त्या दर हंगामात कलाकृती भाड्याने घेत, पैसे वेळेवर देत आणि सोपे, ओळखीचे काम कधीच मागत नसत. ध्वनीची मांडणी किंवा व्हिडिओ असला तरी कलाकाराने येऊन वाचकांशी बोलावे, एवढीच त्यांची अट असे. त्यांच्या शब्दावर आणखी वाचनालये जोडली गेली आणि पुढची वर्षे सुरळीत गेली.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी करारात कलाकाराचे मानधन साहित्याच्या खर्चापासून वेगळे दाखवावे. कलाकृती येताना आणि जाताना तिचा स्थिती-अहवाल, म्हणजे ती कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद, छायाचित्रांसह दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करावा, आणि कायमस्वरूपी शिल्प असेल तर देखभाल कोण करणार व तिचा खर्च कोण देणार हे आधी लिहून घ्यावे. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, पण मुलांची वर्दळ असेल तिथे तो खाली आणावा. आणि सही होईपर्यंत पूर्ण योजना कोणाच्याही हाती देऊ नये.

त्या गंजलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीसाठी गावाने आता आमच्याकडेच दरपत्रक मागितले आहे. ते आम्ही दिले असून मूळ शिल्पकारांची लेखी संमती मिळेपर्यंत कामाला हात लावणार नाही, असे त्यात स्पष्ट नमूद केले आहे.