कलंदर मित्रांच्या निगेटिव्ह आणि एक प्रदर्शन : माझा अनुभव

१९७४ ते १९७८ या काळात मी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होते आणि वडिलांचा याशिका कॅमेरा माझ्याकडे होता. चित्रकार, कवी, हौशी नाटकवाले, दोन दोन महिने भाडे थकवणारे आणि एका खोलीत सहा जण झोपणारे असे माझे कलंदर मित्र होते, त्यांचीच छायाचित्रे मी काढत राहिले. जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांवर, आतल्या ‘समोवार’ उपाहारगृहात एका चहावर दुपार काढताना, वसतिगृहाच्या गच्चीवर, जिथे ते असतील तिथे. फिल्म बहुतेक पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’ असे. मोठ्या रिळातून अंधारात कापून आम्ही ती कॅसेटमध्ये भरत असू, म्हणजे ती स्वस्त पडे.

या निगेटिव्ह चाळीस वर्षांहून अधिक काळ पुण्यातल्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होत्या. छायाचित्रकार पाब्लो बार्थोलोम्यू यांना भोपाळ वायुदुर्घटनेतील, मातीत पुरल्या जाणाऱ्या बालकाच्या छायाचित्रामुळे जग ओळखते. पण त्याआधी तरुण वयात त्यांनी दिल्ली, मुंबई आणि कलकत्त्यात आपल्या मित्रांची, घरच्यांची आणि स्वतःची जी कृष्णधवल छायाचित्रे काढली, ती ‘आउटसाइड इन’ या नावाने पुष्कळ वर्षांनी लोकांसमोर आली. ती पाहिल्यावर माझ्या ट्रंकेतले चेहरेही भिंतीवर लागले पाहिजेत, असे मला तीव्रतेने वाटले.

ट्रंक उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. फिल्मचा पारदर्शक पाया अ‍ॅसिटेटचा असतो, तो विघटित होऊ लागला की हा वास येतो आणि एका पट्टीपासून दुसरीला लागण होते, म्हणून तशी सात रिळे प्रथम वेगळी काढली. उरलेल्यांपैकी अनेकांवर बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटलेली होती. येथे एक गोष्ट आवर्जून सांगते : बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नये. प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर बुरशीमुळे पाण्यात विरघळू शकतो आणि त्याबरोबर चेहराच निघून जातो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापसाने, अजिबात दाब न देता, एकेक पट्टी पुसली. या कामात पूर्ण उन्हाळा गेला, आणि पावसाळ्यापूर्वी सगळे ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या डब्यांत बंद केले.

स्कॅनिंगसाठी एका लॅबकडे दिलेली पहिली चार रिळे मात्र परत आली ती मेणाच्या पुतळ्यांसारखी. धूळ काढून टाकणारी इन्फ्रारेड सोय त्यांनी चालू ठेवली होती. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड किरण आरपार जातात, त्यामुळे अडथळा आला की ती धूळ समजावी, हे तिथे ठीक आहे. कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमाच चांदीची असते, आणि यंत्राने त्या चांदीलाच धूळ समजून गालांवरचा पोत, दाढीचे खुंट, डोळ्यांखालच्या सुरकुत्या भरून टाकल्या होत्या. मला फार वाईट वाटले. पुढचे सर्व स्कॅनिंग मी शेजारी बसून करून घेतले.

प्रदर्शनासाठीचे प्रिंट मी स्वतः डार्करूममध्ये, फायबर ब्रोमाइड कागदावर काढले. एका कवीमित्राचे छायाचित्र तर अकरा वेळा काढावे लागले. खिडकीतला उजेड त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर आहे, उरलेला अर्धा जवळजवळ काळा; हातात विडी, शर्टाचा खिसा एका बाजूने उसवलेला, आणि त्या खिशात घडी केलेला कागद. चेहऱ्याची काळी बाजू हाताने उजेड अडवून थोडी उघडली, तर खिडकी पांढरीफटक पडे; खिडकीला जादा एक्स्पोजर दिले, तर विडीचा धूर नाहीसा होई. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये त्या खिशातल्या कागदाची कड हळूहळू वर आली, तेव्हा त्याने त्या दुपारी कविता वाचून दाखवली होती, हे मला आठवले.

सर्वांत जास्त वेळ परवानग्यांना लागला. स्वतःहून काढलेल्या छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे असतो, पण ज्याचा चेहरा भिंतीवर लागणार त्याला विचारल्याशिवाय तो लावणे मला योग्य वाटत नाही. पंचवीस चेहरे निवडले होते. त्यांपैकी पाच जण वारले होते. त्यांच्या घरी मी प्रिंट घेऊन गेले. एका मित्राची बायको त्याचे खांद्यापर्यंत रुळणारे केस पाहून बराच वेळ काही बोलली नाही, नंतर तिने मुलाला हाक मारून बोलावले. बँकेतून निवृत्त झालेला दुसरा एक मित्र म्हणाला, “अगं, चिलीम तेवढी नको, नातवंडं येतील. बाकी काय लावायचं ते लाव.” ते छायाचित्र संग्रहातले उत्तम होते. तरीही मी ते काढले आणि त्याच पट्टीवरचे पुढचे, चिलीम खाली ठेवून तो मोठ्याने हसतो आहे, ते लावले.

बाविसांची संमती मिळाली आणि बावीसच चित्रे लागली. प्रदर्शन संपल्यावर प्रत्येक प्रिंट ज्याचा त्याला किंवा त्याच्या घरच्यांना दिला. उरलेल्या तिघांचा पत्ता अद्याप मिळालेला नाही. त्यांचे प्रिंट बटर पेपरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवले आहेत आणि जुन्या वर्गमित्रांकडे विचारपूस चालू आहे.