जत्रेतला सामना: डॅलसमधला टेक्सस विरुद्ध ओक्लाहोमा

ग्रीन लाइनची गाडी फेअर पार्क स्टेशनात शिरते तेव्हा डब्यात दोनच रंग उरलेले असतात: टेक्ससवाल्यांचा विटकरी केशरी आणि ओक्लाहोमावाल्यांचा किरमिजी. दार उघडलं की तळणीचा वास. ऑक्टोबरातला शनिवार, बहुतेक वेळा दुसरा. 24 दिवसांची टेक्ससची राज्य जत्रा भरलेली असते आणि तिच्या ऐन मधोमध, कॉटन बोल स्टेडियममध्ये, सुमारे 92 हजार माणसं दोन विद्यापीठांचा सामना बघायला बसतात. फुटबॉल अर्थात अमेरिकन, पायापेक्षा हाताने जास्त खेळला जाणारा.

प्लेनो, फ्रिस्को, आयर्विंग या उपनगरांतल्या मराठी मंडळींनीही गाडी घरी किंवा वाटेतल्या स्टेशनावर ठेवून मेट्रोनेच यावं. सामन्याच्या तिकिटात जत्रेचा प्रवेश धरलेला असतो, वेगळं तिकीट काढू नका. तिकीट फोनवरच येतं आणि एवढ्या गर्दीत नेटवर्क हमखास मान टाकतं, म्हणून ते आदल्या रात्रीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. पिशवी पारदर्शकच हवी. सामना दुपारी असेल तर पूर्वेकडच्या बाकांवर ऊन थेट डोळ्यांत येतं. टोपी विसरू नका. चुकामूक झाली तर भेटायची खूण एकच, जत्रेतल्या बिग टेक्स नावाच्या काउबॉयचा 55 फुटी पुतळा. खायला कॉर्नी डॉग, म्हणजे मक्याच्या पिठात बुडवून तळलेलं काडीवरचं सॉसेज, वर मोहरीचं पिवळं सॉस. इथे ते 1942 पासून विकलं जातं. शाकाहारी असाल तर आत काय आहे ते आधी विचारा.

आत गेल्यावर पहिली नजर मैदानाकडे नाही, बाकांकडे टाका. 50 यार्डांच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेषेवर स्टेडियम उभं कापल्यासारखं दिसतं. अर्धी तिकिटं एका विद्यापीठाला, अर्धी दुसऱ्याला. त्या रेषेवरच्या रांगेत एका खुर्चीवर केशरी, शेजारच्या खुर्चीवर किरमिजी. खेळाडूंना बाहेर यायला बोगदा एकच आणि तो ओक्लाहोमाच्या टोकाला. त्यामुळे टेक्ससचा संघ दरवर्षी शत्रूच्या शिव्या खातच मैदानात उतरतो. माझ्या मते तिकिटाचे निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

हे दोन संघ पहिल्यांदा 1900 साली भिडले, आणि 1929 पासून डॅलसमध्ये दरवर्षी खेळतात. खरी गंमत पुढे आहे. 1995 पर्यंत दोघांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात ठरलेले सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा संघ, वेगळी होती: टेक्सस साउथवेस्टमध्ये, ओक्लाहोमा बिग एटमध्ये. कोणतंही वेळापत्रक त्यांना एकत्र आणत नव्हतं. जत्रा आणत होती. टेक्ससचं ऑस्टिन आणि ओक्लाहोमाचं नॉर्मन, दोन्ही गावं डॅलसपासून साधारण 300 किलोमीटर, म्हणजे तक्रारीला जागा नाही. 1996 मध्ये दोघं बिग ट्वेल्व्हच्या दक्षिण गटात आले, 2024 मध्ये एसईसीत (साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये) गेले, तरी ऑक्टोबरातला शनिवार हलला नाही. 2020 मध्ये साथीमुळे जत्रा रद्द झाली, पण सामना तिथेच झाला.

ज्यांना अशी जत्रा नव्हती त्यांचं काय झालं? बिग ट्वेल्व्हने नेब्रास्का विद्यापीठाला उत्तर गटात टाकलं आणि ओक्लाहोमाशी दरवर्षी होणारी त्यांची लढत 1998 पासून दोन वर्षं हो, दोन वर्षं नाही अशी झाली. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम 2011 नंतर तेरा वर्षं समोरासमोर आले नाहीत. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा बेडलम नावाचा दरवर्षीचा सामना 4 नोव्हेंबर 2023 ला स्टेट 27-24 ने जिंकून थांबला. एका संघाचे वर्षाला नियमित सामने 12, त्यातले कॉन्फरन्सबाहेरचे तीन-चार, आणि तेही बरीच वर्षं आधी करार करून विकलेले. जागा आणायची कुठून?

एसईसीत 16 संघ, म्हणजे प्रतिस्पर्धी 15. कॉन्फरन्समधले सामने वर्षाला आठच ठेवले तर एक प्रतिस्पर्धी कायमचा आणि सात फिरते. दोन वर्षांत उरलेले 14 संपतात. हिशोब चोख, पण टेक्ससने ओक्लाहोमा धरला तर ए अँड एम सुटतो, आणि एसईसीतल्याच ऑबर्नला अलाबामा धरायचा की जॉर्जिया हे ठरवावं लागतं. म्हणून 2026 पासून नऊ सामने: तीन कायमचे, सहा फिरते. टेक्ससचे कायमचे तीन म्हणजे ओक्लाहोमा, ए अँड एम आणि आर्कान्सा.

नऊचा एक तोटा आहे. विषम आकडा असल्याने एका वर्षी पाच सामने घरी, पुढच्या वर्षी चारच. डॅलस मात्र कुणाचंच घर नाही, त्यामुळे या दोघांना दरवर्षी चार घरी, चार बाहेर आणि एक जत्रेत. आठ सामन्यांच्या 2024 मध्ये टेक्ससच्या वाट्याला चार, तीन आणि एक आले होते.

वेळ टीव्हीवाले ठरवतात. पूर्वी सकाळी 11 नेहमीचे, 2024 आणि 2025 ला दुपारी अडीच. अडीचचा सामना सहानंतर सुटतो आणि सगळी गर्दी एकाच वेळी फलाटावर येते. तेव्हा तासभर थांबा. 212 फुटी टेक्सस स्टार पाळण्यात बसा. वरून रिकामं होत जाणारं स्टेडियम दिसतं, आणि हरलेला रंग आधी बाहेर पडलेला असतो.