डाय कमी की मायटोकॉन्ड्रिया कमी?

मंगळवारचा सॉर्ट (मशीनने पेशी वेगवेगळ्या करणं) अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

आमच्याकडे प्लॅनेरियन असतात, चपटे पाण्यातले किडे, तुकडा कापला तरी त्यातून पूर्ण किडा उगवतो. मॉर्गन या शास्त्रज्ञाने 1898 सालीच दाखवलं होतं की किड्याचा 1/279 इतका तुकडासुद्धा पुरतो. हे सगळं करतात त्यांच्या स्टेम सेल्स, निओब्लास्ट. 2021 मध्ये बंगळुरूच्या एका गटाने दाखवलं की ज्या निओब्लास्टमध्ये मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे भाग) कमी, त्यांच्यात काहीही बनण्याची ताकद जास्त. तेच आमच्या हातून निघतंय का बघायचं होतं.

किडे आठवडाभर उपाशी ठेवलेले, पोटात खायला दिलेलं लिव्हर उरलं तर सॉर्टरमध्ये नको ते चमकतं. चिरताना ब्लेड कोरी हवी, सगळं बर्फावर हवं, हात थांबता कामा नये, नाहीतर चिकट म्यूकसच्या गुठळ्या होतात आणि नॉझल तुंबलं की चार तासांचा स्लॉट गेला. परवा इतकी स्वच्छ सेल्स मिळाली की खरंच छान वाटलं. मायटोट्रॅकर ग्रीन घातलं, मायटोकॉन्ड्रियात बसून चमकणारा डाय, कमी आणि जास्त असे दोन गठ्ठे सुरेख वेगळे दिसले.

तेवढ्यात नवीन आलेली मुलगी म्हणाली, "ताई, डाय आत कमी आहे की पेशीने पंप करून बाहेर टाकलाय?"

मी गप्पच झाले. रक्ताच्या स्टेम सेल्समध्ये 2017 साली नेमकं हेच निघालं होतं, पंप बंद केल्यावर कळलं की तिथे मायटोकॉन्ड्रिया भरपूर आहेत. उरलेल्या अर्ध्या ट्यूबमध्ये व्हेरापमिल घातलं, बीपीचं औषध ते, पंप अडवतं. कमीवाला गठ्ठा जास्तवाल्याकडे थोडा सरकला. पूर्ण नाही, पण सरकला.

सर म्हणाले, एवढं रिव्ह्यूअर विचारत नाहीत. मला हे अजिबात पटलं नाही. कोणी विचारत नाही म्हणून कंट्रोल, म्हणजे अशी पडताळणीची ट्यूब, टाकायचाच नाही, ही सवय आमच्या क्षेत्राला खूप महाग पडते, आणि जे सगळ्यांनी विचारायला हवं होतं ते तिने पहिल्याच महिन्यात विचारलं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे दोन्ही गठ्ठे रेडिएशन दिलेल्या किड्यांमध्ये टोचले. रेडिएशनने त्यांचे स्वतःचे निओब्लास्ट गेलेले, आमची सेल्स रुजली नाहीत तर डोकं आक्रसत जाऊन काही आठवड्यांत मरतात. रोज सकाळी डिश उघडून आधी डोकीच बघते. दोन्ही गठ्ठ्यांची थोडी थोडी सेल्स फ्रीझरमध्ये आहेत, त्यांतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मोजायचाय, कारण पंप डाय बाहेर टाकेल, डीएनए नाही. सोमवारी आम्ही दोघी मिळून करणार आहोत.