मावेल तेवढी कणीक

परवा दुपारी घारग्यांसाठी भोपळा किसत बसलो होतो तर भाची वही घेऊन आली. सातवीत आहे, सेमी इंग्लिश, दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास नेहमीप्रमाणे शेवटच्या दोन दिवसांवर आलेला. म्हणाली मामा, हे वाक्य गणितात लिहायचंय. वाक्य काय, तर वर्गात मुली मुलांच्या तिप्पट आहेत. तिने लिहिलं होतं थ्री जी इज इक्वल टू बी. मुलींच्या शेजारी तीन, कारण वाक्यात सगळं कौतुक मुलींचंच चाललंय ना. मी म्हटलं अगं, मग दहा मुली असल्या तर मुलं तीस झाली की. हो का, म्हणाली आणि खोडरबर काढलं. तिला सांगितलं नाही, पण वही बघितल्या बघितल्या मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

आमच्या वेळी जी आणि बी नव्हते, क्ष होता. सर फळ्यावर लिहायचे, 'समजा, ती संख्या क्ष मानू', आणि आपण हे समजा लिहायला विसरलो की अर्धा मार्क गेला. माझा तो अर्धा मार्क कायम जायचा. त्याला कारण होतं. घरी भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता त्यात क्ष क्षत्रियाचा, चांगला मिशीवाला, हातात ढाल तलवार. त्यामुळे एका संख्येच्या दुपटीत पाच मिळवले म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर दोन क्षत्रिय येऊन उभे राहायचे आणि पुढचं काही सुचायचंच नाही. पुढे य आला, तो यज्ञाचा. मग एकसामयिक समीकरणं म्हणजे रविवार सकाळची पौराणिक सिरियलच झाली. 'क्षचा लोप करू' असं सर म्हणाले की मला त्या मिशीवाल्याचं वाईट वाटायचं, तो तर सगळ्यात आधी आला होता.

एक मात्र आहे, मराठीतून हे प्रकरण थोडं सोपं जातं. एका संख्येपेक्षा पाचने कमी, म्हणजे आधी संख्या, मग पाच, मग कमी. ऐकत ऐकत लिहीत जा, क्ष वजा पाच. भाचीच्या वहीत फाइव्ह लेस दॅन अ नंबर, म्हणून ती आधी पाच लिहून मोकळी होते आणि मग पाच वजा एक्स करून ठेवते. हे तिला समजावताना मला उगाचच भाषेचा अभिमान वगैरे वाटायला लागला, म्हणून जोशात विचारलं, सांग पावणेदोनशे म्हणजे किती?

तिने विचार केला. पावणे म्हणजे पाव कमी ना? मग वन नाइन्टी नाइन पॉइंट सेव्हन फाइव्ह.

आता ह्यात चूक काय सांगणार! दोनशेतून पावच तर वजा केला पोरीने. तो पाव एकाचा नाही शंभराचा, हे त्या शब्दात कुठेच लिहिलेलं नाही. पावणेदोन म्हणजे १.७५ आणि पावणेदोनशे म्हणजे १७५, पाव तोच पण कशाचा ते आपलं आपण समजून घ्यायचं. सव्वाचंही तेच, नुसता सव्वा म्हणजे १.२५, सव्वाशे १२५ आणि सव्वा लाखात त्याच पावाचे पंचवीस हजार होतात. साडे बिचारा तर एकटा उभाच राहू शकत नाही, त्याला मागे तीनपासून पुढचं कुणीतरी लागतं, एक आणि दोनला दीड नि अडीच आधीच येऊन बसलेत. आमचे आजोबा पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायचे. मला औट म्हणजे साडेतीन एवढंच माहिती, आणि तेही शब्दकोड्यामुळे.

असो, घारगे. नोकरीला लागून पहिल्यांदा घराबाहेर राहिलो तेव्हा आईला फोनवर विचारून कृती लिहून घेतली होती, तो कागद अजून आहे. कीस एक वाटी, गूळ त्याच्या निम्मा, मीठ चिमूटभर, कणीक मावेल तेवढी. मी विचारलं होतं, मावेल तेवढी म्हणजे किती? घालायला लाग, कळेल.

पुष्कळ वर्षांनी कुठेतरी वाचलं की आपल्या जुन्या बीजगणितात अज्ञात संख्येला यावत्तावत् म्हणायचे. म्हणजे जितकी असेल तितकी. लिहिताना नुसतं या. दुसरी अज्ञात आली की कालक, तिसरी नीलक, मग पीतक, सगळे रंग. नुसता आकडा असेल तर रूप, म्हणजे रू. भाचीचं फाइव्ह एक्स प्लस एट हे भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या बीजगणितात या ५ रू ८ असं होतं, अधिकचं चिन्हही नाही, शेजारी शेजारी ठेवलं की झाली बेरीज. वजा असेल तर आकड्याच्या डोक्यावर टिंब. पुढे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तसा शिलालेखच आहे. पण ते सगळं मी नंतर वाचलं. यावत्तावत् दिसलं तेव्हा मला आधी आईचा फोनवरचा आवाज आला, मावेल तेवढी.

भाचीने भोपळ्याचा कीस क्ष धरून गूळ क्ष भागिले दोन असं लिहून दाखवलं. बरोबर आहे म्हटलं. कणकेचं काय लिहू? म्हटलं या लिही. तिने लिहिलं नाही.

खरी अडचण वाटीची होती. आईची वाटी म्हणजे एकच, जड, बुडाला पोचा आलेला, आणि कडेला तिच्या लग्नात ती कुणी दिली त्यांचं नाव कोरलेलं. सगळ्या कृती त्या वाटीतल्या. माझ्याकडच्या वाटीने गूळ दर वेळी जास्त होतो, मग कणीक जास्त मावते आणि घारगे खुळखुळ्यासारखे कडक होतात, दर वेळी. आई गेल्यावर भांडी वाटली तेव्हा ती वाटी ताईकडे गेली, हे मला नक्की आठवतंय.

भाचीला विचारलं, ती पोचा आलेली वाटी आहे का गं तुमच्याकडे?

ती ना, म्हणाली, गॅलरीत आहे, चिमण्यांना पाणी ठेवायला.